नायट्रोजन चक्राच्या चित्रात नदीचा तळ

नायट्रोजन चक्राचे चित्र फळ्यावर काढले नाही असा विज्ञानशिक्षक सापडणे कठीण. वर ढग आणि वीज, एका बाजूला शेंगवर्गीय रोपाच्या मुळांवरील गाठी, मध्ये गाय, खाली जमिनीतील जिवाणू आणि उजव्या कडेने जमिनीतून थेट आकाशात जाणारा एक बाण. त्या बाणावर लिहिलेले असते ‘विनायट्रीकरण’. विद्यार्थी हे चित्र पाठ करतात, परीक्षेत काढतात आणि त्याचे गुणही मिळवतात.

चित्र चुकीचे नाही. पण त्यात नदी नसते. नदी येते ती पुढे, जलप्रदूषणाच्या प्रकरणात. तिथे आपण शिकवतो की वाहत्या पाण्यात हवेतील ऑक्सिजन मिसळतो, त्यामुळे घाण कुजून नाहीशी होते आणि काही अंतर गेल्यावर नदी स्वतःला स्वच्छ करते. या दोन प्रकरणांची एकमेकांशी गाठ पडत नाही. ती पडली असती तर एक अडचण लगेच लक्षात आली असती. नदीचे शुद्धीकरण ऑक्सिजनने होते असे एक प्रकरण सांगते, आणि विनायट्रीकरण ऑक्सिजन नसलेल्या जागी होते असे दुसरे सांगते. मग नदीतील नायट्रोजन जातो कसा?

आधी ‘स्वयंशुद्धीकरण’ या कल्पनेचे मूळ पाहू. अमेरिकेतील ओहायो नदीचा अभ्यास करून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ साली एक समीकरण मांडले. मैलापाणी नदीत शिरल्यावर जिवाणू ते कुजवताना ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे पाण्यातील ऑक्सिजन उतरत जातो. हवेतून तो पुन्हा भरला जातो आणि काही अंतरावर पूर्ववत होतो. उतरून पुन्हा चढणारी ही रेषा गेली शंभर वर्षे जगभरच्या अभियंत्यांनी वापरली आणि ती उपयोगी आहेच. पण तिचा हिशेब आहे ऑक्सिजनचा. रेषा पुन्हा वर आली, मासे जगू लागले, म्हणजे मैल्यातील नायट्रोजन नदीतून गेला असे ती सांगत नाही. बहुधा तो गेलेला नसतोच. अमोनियमचे नायट्रेट झालेले असते, म्हणजे त्याने फक्त कपडे बदललेले असतात. पाठ्यपुस्तकांत ‘घाण नाहीशी होते’ असे एक मोघम वाक्य आले आणि हा फरक बुजला.

भंडारा जिल्ह्यात हा फरक पुस्तकी राहत नाही. नागपूर शहराचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते, आणि हे सगळे पाणी पवनी तालुक्यातील गोसेखुर्द धरणाच्या जलाशयात येते. नायट्रोजन किती असेल याचा अंदाज विद्यार्थीही करू शकतील. माणसाच्या शरीरातून रोज साधारण १० ग्रॅम नायट्रोजन बाहेर पडतो. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या आसपास होती. म्हणजे रोज २४ टन. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २१ किलो. तेव्हा एका शहरातून रोज युरियाची साडेअकराशे पोती निघतात म्हणा ना. भांडेवाडीच्या प्रक्रिया केंद्रात मैलापाण्यावर प्रक्रिया होते आणि प्रक्रिया केलेले बरेच पाणी वीजकेंद्राला जाते, त्यामुळे हा सगळा आकडा नदीत उतरत नाही. पण आकड्याचा आवाका लक्षात यावा. त्यात वैनगंगेच्या दोन्ही काठांवरील धानाच्या बांध्यांतून वाहून येणारा युरिया वेगळाच.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे असे भारतीय मानक सांगते. ही मर्यादा मुख्यतः तान्ह्या बाळांसाठी आहे. नायट्रेटचे पोटात नायट्राइट होते, ते रक्तातील हिमोग्लोबिन निकामी करते आणि बाळ निळे पडते. अमेरिकेतील आयोवा राज्यात विहिरीच्या पाण्यामुळे बाळे निळी पडल्याचा अहवाल कॉमली या डॉक्टरांनी १९४५ साली दिला, तेव्हापासून हे माहीत आहे. तेव्हा नदी नायट्रोजन काढते की नुसता पुढे ढकलते, हा प्रश्न काठावरच्या नळयोजनांचाही आहे.

आता तळाकडे वळू. उन्हाळ्यात वैनगंगेच्या किंवा सूर नदीच्या कोरड्या पात्रात रेतीत हातभर खड्डा केला की पाणी झिरपून येते. त्याला आपण झिरा म्हणतो. झिऱ्याचे पाणी नितळ आणि गार. रेतीने पाणी गाळले, असे आपण मुलांना सांगतो, आणि इथेच दुसरी अर्धवट कल्पना रुजते. गाळणी गढूळपणा अडवते. नायट्रेट तिला अडवता येत नाही. नायट्रेट पाण्यात पूर्ण विरघळते, त्याच्यावर ऋण भार असतो आणि रेतीच्या व मातीच्या कणांवरही ऋण भार असल्याने ते कुठे चिकटत नाही. अमोनियमवर धन भार असतो, ते चिकणमातीला थोडेफार चिकटते. म्हणजे झिऱ्यातले पाणी आरशासारखे दिसले तरी त्यात नायट्रेट किती आहे हे डोळ्यांना कळणार नाही. रेतीचे काम गाळणीचे नाही. जिवाणूंना राहायला घर आणि पाण्याला रेंगाळायला वाट देणे हे तिचे काम.

‘नदी’ म्हणजे वरून वाहते ते पाणी, हीच मुळात अपुरी कल्पना आहे. नदीचे पाणी सतत तळाच्या रेतीत शिरते, काही अंतर आतून जाते आणि पुन्हा वर येते. या थराला रुमानियाचे ओर्गिदान यांनी १९५९ साली ‘हायपोऱ्हेइक’ असे नाव दिले. ग्रीक शब्द आहे, अर्थ ‘प्रवाहाखालचा’. आपण त्याला तळप्रवाह म्हणू. पाणी आत का शिरते? तळावर रेतीच्या लाटा असतात. लाटेच्या चढावर पाणी आदळते, तिथे दाब थोडा वाढतो; माथा ओलांडल्यावर मागच्या उतारावर दाब कमी होतो. या फरकाने पाणी चढावरून रेतीत ढकलले जाते आणि मागून बाहेर येते. अशा त्रिकोणी उंचवट्यांवर पाण्याचा दाब व रोध किती असतो याचे एक महत्त्वाचे काम आपल्याकडेच, रुरकी विद्यापीठात, विठ्ठल, रंगा राजू आणि गर्डे यांनी १९७७ साली केले आहे. त्यांना नायट्रोजनशी कर्तव्य नव्हते, प्रश्न नदीच्या पाण्याला होणाऱ्या रोधाचा होता.

हे वर्गात दाखवता येते. माशांच्या जुन्या काचेच्या टाकीत धुतलेल्या बारीक गिट्टीचा थर द्या, मध्ये आडवा चार बोटे उंच उंचवटा करा, एका टोकाने नळी लावून पाणी सोडा आणि दुसऱ्या टोकाने वक्रनलिकेने काढत राहा. उंचवट्याच्या पुढच्या चढावर, काचेला लागून, ड्रॉपरने शाई सोडा. ती गिट्टीत शिरेल आणि अर्ध्या-पाऊण तासात मागच्या बाजूने वर येईल. पाणी पुरेसे वेगाने वाहते ठेवले नाही तर मात्र काही दिसणार नाही.

आता वेग. रेतीतून पाणी किती वेगाने जाते याचा नियम दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली दिला. दीझाँ शहराची पाणीयोजना करताना त्याने रेतीच्या नळकांड्यांवर प्रयोग केले होते. जाड्या रेतीची वाहकता सेकंदाला १ मिलिमीटर आणि दाबाचा उतार शंभरास एक धरला, तर रेतीच्या कणांमधील फटींतून पाणी तासाला सुमारे १० सेंटिमीटर सरकते. वर नदी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वाहत असेल तर तेवढ्या तासात १,८०० मीटर जाते. म्हणजे वरचे पाणी पावणेदोन किलोमीटर गेले तोवर तळातले वीतभरही गेलेले नाही. या संथपणावरच सारे अवलंबून आहे.

समजा, पाणी तळात शिरताना लिटरमागे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन घेऊन आले, आणि तळातील जिवाणू तासाला १ मिलिग्रॅम वापरतात. आठ तासांत, म्हणजे ८० सेंटिमीटर अंतरात, ऑक्सिजन संपेल. त्या ८० सेंटिमीटरमध्ये काय घडते? ऑक्सिजन आहे, म्हणून अमोनियमचे नायट्रेट होते. त्यापुढे ऑक्सिजन नाही, म्हणून जिवाणू श्वसनासाठी नायट्रेटमधला ऑक्सिजन घेतात आणि नायट्रोजन वायू सुटतो. नदीतून खऱ्या अर्थाने नायट्रोजन गेला तो इथे. मैल्यातील नायट्रोजनला आधी ऑक्सिजन असलेली खोली लागते आणि मग नसलेली, त्याच क्रमाने; आणि नदीचा तळ या दोन्ही खोल्या हातभर अंतरात देतो. सुरुवातीच्या अडचणीचे उत्तर हे आहे.

आता त्याच हिशेबात लहान लाट घ्या, जिच्याखालची वाट ३० सेंटिमीटरची आहे. पाणी तीन तासांत बाहेर येईल, ऑक्सिजन शिल्लक असतानाच. अशा ठिकाणी नायट्रेट कमी होत नाही, उलट थोडे वाढते! अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात झार्नेट्स्के आणि सहकाऱ्यांनी एका ओढ्याकाठच्या गोट्यांच्या पट्ट्यात नळ्या रोवून २०११ साली नेमके हेच प्रसिद्ध केले: थोडा वेळ तळात राहिलेल्या पाण्यात नायट्रेट तयार होत होते, जास्त वेळ राहिलेल्या पाण्यात ते नाहीसे होत होते. म्हणून ‘तळप्रवाह नायट्रोजन काढतो’ हे वाक्यही जसेच्या तसे घेऊ नये. किती वेळ, हे विचारायला हवे. आणि जिवाणूंना खायला काय आहे, हेही. पालापाचोळा, कुजके शेवाळ असे काही सेंद्रिय अन्न नसेल तर धुतल्या रेतीत वर्षभर पाणी ठेवूनही काही होणार नाही.

पाणी फार संथ झाले तर? एका लिटरमधले नायट्रेट पुरते संपेल, पण दिवसभरात लिटरच किती आत जातील? समजा एका वाटेने तासाला १०० लिटर जातात आणि काहीच निघत नाही. दुसऱ्या वाटेने २० लिटर जातात आणि निम्मे नायट्रेट निघते. तिसरीने १ लिटर जाते आणि सगळे निघते. काम मधल्या वाटेने केले, तिसरीच्या दसपट. ‘शंभर टक्के शुद्धीकरण’ हे ऐकायला बरे वाटणारे शब्द नदीच्या बाबतीत फसवे असतात ते यामुळे. भंडाऱ्यासाठी यात एक जास्तीचा मुद्दा आहे. मे महिन्यात कोमट पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी विरघळतो आणि जिवाणूंची भूक दुप्पट होते. मग ८० सेंटिमीटरचे अंतर निम्म्यावर येऊ शकते. थंड हवेच्या ओढ्यांवरचे आकडे आपल्या नद्यांना तसेच लावू नयेत.

हे सांगण्याचे कारण म्हणजे या विषयावर सर्वांत जास्त उद्धृत होणारे काम तिकडचेच आहे. मल्होलंड आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ७२ ओढ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिका व पोर्तो रिको मिळून आठ प्रदेश, प्रत्येकात नऊ ओढे: तीन रानातले, तीन शेतीतले, तीन शहरातले. प्रत्येक ओढ्यात जड नायट्रोजनचे (अणुभार १५) नायट्रेट एक दिवस सोडून ते कुठे जाते हे मोजले. काम उत्तम आहे, त्याची शिस्त हेवा वाटावी अशी. त्यातले दोन निष्कर्ष प्रत्येक शिक्षकाला माहीत असावेत. पहिला, पाण्यातून नाहीसे झालेल्या नायट्रेटपैकी खरोखर वायू होऊन गेलेला भाग मध्यमानाने १६ टक्केच होता. बाकीचे शेवाळ आणि जिवाणूंच्या अंगात गेले, म्हणजे उद्या ते मेल्यावर परत येणार. पाण्यातून जाणे आणि नदीतून जाणे या दोन गोष्टी आहेत. दुसरा, पाण्यात नायट्रेट जितके जास्त तितके ओढ्याचे एकूण काम वाढते, पण वाटा घटतो. पंगतीला पाने शंभर. जेवणारे पाचशे आले तर वाढपी धावपळ करतील, पण चारशे उपाशी जातील. ‘नदी सांभाळून घेईल’ म्हणणाऱ्यांना हा निष्कर्ष दाखवावा.

यानंतर ग्रँट आणि सहकाऱ्यांनी याच आकड्यांवरून २०१८ साली दाखवले की पुष्कळदा मर्यादा जिवाणूंची नसते, वरच्या पाण्याची खळबळ तळापर्यंत नायट्रेट किती पोहोचवते याची असते. मला हे काम मल्होलंडच्या कामाला आवश्यक पूरक वाटते. पण दोन्हींची एक मर्यादा आपल्याला जाचते. हे ओढे लहान, उथळ, आणि मोजणी शांत दिवसांतली. वैनगंगेचे बहुतेक पाणी पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत वाहून जाते. तळाने दिवसाला १० सेंटिमीटर जाडीचे पाणी ‘हाताळले’ असे धरा. नदी अर्धा मीटर खोल असेल तर एका दिवसात पाचव्या हिश्शाला तळ भेटतो. पुरात ती ५ मीटर झाली तर पन्नासाव्या हिश्शाला, आणि तेही पाणी दिवसभर जिल्ह्यात थांबत नाही. रोवणीनंतर टाकलेला युरिया नेमका याच दिवसांत वाहतो. तळाचे खरे राज्य दिवाळीनंतरचे, पाणी उथळ असतानाचे.

त्या काळात वैनगंगेत काय होते? दोन गोष्टी. एक म्हणजे रेती निघते. नागपूरच्या बांधकामांना लागणारी रेती भंडारा जिल्ह्यातील घाटांवरून टिप्परने जाते. रेतीउपशावरील चर्चेत महसूल येतो, पुलांचे पाये येतात, आटलेल्या विहिरी येतात, आणि ते योग्यच आहे. नायट्रोजन येत नाही. रेतीचा जाड थर गेला आणि खाली चिकणमाती किंवा खडक उघडा पडला, की तळप्रवाहाची वाटच बंद होते. चिकणमातीची वाहकता जाड्या रेतीच्या मानाने लाखो पटींनी कमी असू शकते. रेती पुढच्या पुरात थोडीफार परत येते हे खरे. पण वर धरणे-बंधारे असताना ती पूर्वीइतकी कशी येईल?

दुसरी गोष्ट गोसेखुर्दचा फुगवटा. या धरणाची कोनशिला १९८८ साली बसली. आता जलाशयाचे पाणी कारध्याकडे पसरते आणि एकेकाळी रेतीवरून खळाळणारी नदी तिथे तळ्यासारखी उभी असते. ‘पाणी थांबले, शुद्धीकरण संपले’ असे म्हणणे सोपे आहे, आणि धरणाविरुद्धच्या लेखनात ते सर्रास म्हटले जाते. नायट्रोजनपुरते ते बरोबर नाही. जलाशयाच्या तळाशी गाळ असतो, ऑक्सिजन कमी असतो, पाणी कित्येक दिवस थांबते. विनायट्रीकरणाला ही जागा उत्तम. जगभरातील मोजणीत तलाव आणि जलाशय नायट्रोजन काढण्यात नद्यांच्या मागे नाहीत. मग बिघडते कुठे? क्रमात. नाग नदीतून येणारा नायट्रोजन मुख्यतः अमोनियमच्या रूपात येतो. त्याला ऑक्सिजनची खोली आधी हवी. वर जलपर्णीची चादर पसरली, खाली ऑक्सिजन संपला, तर पहिली पायरीच होत नाही आणि दुसरीला कच्चा माल मिळत नाही. जलपर्णी नायट्रोजन शोषते, पण ती काढून काठावर आणली नाही तर कुजून सगळे परत देते. ढिवर बांधवांची मासळी मरते त्याच्या कारणांत अमोनियाही असू शकतो, निव्वळ ऑक्सिजनची कमतरता नव्हे.

विनायट्रीकरणात थोडा नायट्रस ऑक्साइडही सुटतो आणि तो तापमानवाढ करतो, हे जाता जाता नोंदवतो. वर सांगितलेल्या ओढ्यांच्या अभ्यासात तो एक टक्क्यापेक्षा कमी निघाला.

चित्रात नदी घालायची तर ती कुठे, असे एका शिक्षकाने विचारले होते. माझ्या मते आधी बांधी घालावी. पाण्याने भरलेल्या धानाच्या बांधीत चिखलाचा वरचा काही मिलिमीटरचा थर ऑक्सिजनयुक्त असतो आणि खालचा ऑक्सिजनविरहित. वर नायट्रेट होते, खाली उतरते आणि वायू होऊन उडते. जपानी मृदाशास्त्रज्ञांना हे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारासच समजले होते. नदीच्या तळातली हीच क्रिया आहे, फक्त तिथे आपण तिला शुद्धीकरण म्हणतो आणि बांधीत नुकसान, कारण इथे उडालेला युरिया शेतकऱ्याने विकत घेतलेला असतो. २०१५ पासून देशातील सगळा युरिया कडुनिंबाचा लेप देऊन विकला जातो तो पहिली पायरी मंद करण्यासाठी. नदीत जी पायरी लवकर व्हावी असे आपल्याला वाटते तीच बांधीत उशिरा व्हावी असे वाटते. साकोली-लाखांदूरच्या विद्यार्थ्याला घरच्या बांधीवरून ही गोष्ट पाच मिनिटांत कळते. मग त्याच बाणाची दुसरी प्रत नदीच्या रेतीखाली काढावी, आणि तिच्या आधी अमोनियमकडून नायट्रेटकडे जाणारा बाण.

परीक्षेतला ‘वाहते पाणी शुद्ध का असते?’ हा प्रश्न मात्र काढून टाकावा. त्याऐवजी असे विचारता येईल: ‘समजा कारधा पुलाखालच्या पाण्यात जानेवारीत नायट्रेट फार कमी आढळले, अमोनियम भरपूर आणि विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे फक्त १ मिलिग्रॅम. नदी नायट्रोजन काढते आहे असे म्हणता येईल का? आणखी काय मोजाल?’